‘डाउट’मधला मुका ‘बी’ आणि खात्रीचे शब्द

‘डाउट’च्या स्पेलिंगमध्ये ‘बी’ कशाला, उच्चारायचा नाही तर? शाळेत याचं उत्तर ‘तो सायलेंट असतो’ एवढंच मिळायचं. जणू पूर्वी कधी तरी तो बोलायचा आणि मग गप्प झाला. प्रत्यक्षात इंग्रजीत तो कधी बोललाच नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तो ‘बी’शिवायच. पुढे १५व्या-१६व्या शतकात लॅटिनच्या अभिमान्यांना वाटलं, की शब्दाचं मूळ ‘दुबितारे’ आहे हे लिहिताना तरी दिसावं. म्हणून ‘बी’ घुसवला. कर्जाच्या ‘डेट’मध्येही त्यांनी हेच केलं. लोक हा ‘बी’ उच्चारत नाहीत म्हणून चिडणारा एक पंतोजी शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ नाटकात आहे.

त्या ‘दुबितारे’च्या पोटात लॅटिनमधला ‘दोन’ आहे. मन दोन वाटांवर उभं, म्हणजे डाउट. नॉर्मन येण्याआधी जुन्या इंग्रजीत संशयाला जो शब्द होता, तोही दोनावरूनच झालेला; जर्मनमध्ये आजही तसंच आहे. आपणही ‘द्विधा मनःस्थिती’ म्हणतो आणि वाद मिटवताना ‘यात दुमत नाही’ म्हणून मोकळे होतो.

पण डाउटचा आणखी एक अर्थ होता, तो आता विसरला गेलाय : भीती. जुन्या फ्रेंचमध्ये ‘डाउट करणं’ म्हणजे घाबरणं. ज्याच्यापुढे भल्याभल्यांनी दबकावं अशा माणसाला इंग्रजीत ‘रिडाउटेबल’ म्हणतात, ते याच अर्थामुळे. स्कॉटलंडमध्ये कोणी ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणालं, तर छत्री घ्यावी. त्याला पाऊस येईल असंच वाटत असतं. मराठी माणसाला हे समजायला अडचण नको. ‘पाऊस येईलसं वाटतंय, शंका आहे मला’ हे आपलं रोजचं बोलणं. संस्कृतातही शंका म्हणजे संशय आणि भीती दोन्ही, त्यामुळे निःशंक माणूस निर्धास्तही असतो. (वर्गात ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणणारी आपली मुलंही शंका हा शब्दच इंग्रजीत बोलत असतात. त्यांना फक्त प्रश्न विचारायचा असतो, पण नवख्या इंग्रज शिक्षकाला वाटतं, आपल्या म्हणण्यावर यांचा विश्वास नाही.)

डाउटला अशी दोन तोंडं, एक दुभंगाचं आणि एक भीतीचं. माझ्या मते इंग्रजीत खात्रीचे मुख्य शब्द दोन आहेत ते यामुळे नीट कळतात. ‘शुअर’ भीतीच्या तोंडाला उत्तर देतो, ‘सर्टन’ दुभंगाच्या.

‘शुअर’ हा लॅटिन ‘सेक्युरुस’चा फ्रेंचमधून झिजून आलेला अवतार. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. मुळात अर्थ निश्चिंत! ‘सिक्युअर’ हा त्याचाच सख्खा भाऊ, पण लॅटिनमधून थेट आल्यामुळे न झिजलेला. ‘निश्चित’च्या जागी ‘निश्चिंत’ छापून गेलेलं प्रूफ मी कितीदा तरी तपासलंय. एका अनुस्वाराची चूक, पण इंग्रजीत ते अंतर शुअरने कधीच पार केलंय.

‘सर्टन’चं घराणं वेगळं, ते शेतकऱ्याघरचं. लॅटिन ‘चेर्नेरे’ किंवा ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणं, वेगळं करणं, आणि त्यातूनच ठरवणं. सूप हलवत तांदूळ निवडणारी बाई आठवा : खडा एका बाजूला, दाणा दुसऱ्या बाजूला, मधलं काही उरत नाही. ते झालं सर्टन. ग्रीकमधला याचा भाऊबंद ‘क्रायसिस’ आणि ‘क्रिटिक’ देऊन गेला. आपल्याकडेही निवडण्यातूनच निवाडा आला, आणि ‘विवेक’मधला ‘विच्’ धातूही पाखडण्या-वेगळं करण्याचाच.

हे पाहुणे येण्याआधी इंग्रजीची स्वतःची नाणी होती. ‘इविस’ म्हणजे खचित. त्यात जाणण्याचा धातू आहे, आपल्या ‘विद्’चा नातलग. पुढच्या लोकांनी तो तोडून ‘आय विस’, म्हणजे ‘मी जाणतो’, असा वाचला आणि नसलेलं एक क्रियापद जन्माला घातलं. ‘सूथ’ म्हणजे सत्य, थेट ‘सत्’च्या कुळातला, त्याचा ‘फॉरसूथ’ आता टोमणा मारायलाच वापरतात.

खात्रीचा शब्द वापरून वापरून पातळ होतो, हे इंग्रजीत सारखं दिसतं. ‘व्हेरी’ म्हणजे एकेकाळी ‘खरा’. आता नुसता ‘फार’. ‘नो डाउट’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे बहुतेकदा ‘बट’ येतो. ‘अ सर्टन मॅन’ म्हणजे तर ‘कोणी एक’. आणि ‘आय ॲम शुअर ही विल कम’ हे साध्या ‘ही विल कम’पेक्षा कच्चं. भाषांतर करताना ‘मला खात्री आहे की तो येईल’ लिहिणारा इथेच फसतो. मराठीत खरी खात्री ‘येणारच’मधल्या ‘च’मध्ये असते.

एकाच ठिकाणी हा पातळपणा चालत नाही : कोर्टात. गुन्हा ‘वाजवी संशयापलीकडे’ (बियॉन्ड रीझनेबल डाउट) सिद्ध व्हावा, ही कसोटी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी कायद्यात रुळली. तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्या १७७०च्या हत्याकांडाच्या खटल्यात सरकारी वकिलाने ती ज्युरीसमोर मांडली होती. भारतात १८७२च्या पुरावा कायद्याने ‘सिद्ध’ची व्याख्या करताना संशयाचं नाव घेतलं नाही, शहाण्या माणसाने जे खरं धरून चालावं इतकं संभवनीय, ते सिद्ध. तरी आपली न्यायालयं तीच कसोटी लावतात, आणि ‘संशयाचा फायदा देऊन मुक्तता’ ही बातमी वर्तमानपत्रात नेहमीचीच.

इंग्लंडमध्ये ज्युरीला आता ‘रीझनेबल डाउट’ समजावत बसत नाहीत. आरोपी दोषी असल्याबद्दल तुम्ही ‘शुअर’ असायला हवं, एवढंच न्यायाधीश सांगतात. कायद्याचे काही इतिहासकार म्हणतात, की मूळची कसोटी आरोपीइतकीच ज्युरीसाठीही होती : निर्दोष माणसाला फासावर पाठवल्याचं पाप माथी येईल ही त्या काळची भीती, ती जावी म्हणून. तसं असेल तर ‘शुअर’ हा शब्द तिथे अगदी आपल्या मूळ अर्थाने आलाय, निश्चिंत.