तारे पडले त्या हिवाळ्यापासून : लाकोटांची पिढीजात स्मृती

१२ नोव्हेंबर १८३३च्या रात्री पृथ्वी टेम्पल-टटल धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीच्या दाट पट्ट्यातून गेली. उत्तर अमेरिकेच्या आकाशात पहाटेपर्यंत तासाला हजारो उल्का कोसळत होत्या. येल विद्यापीठातल्या डेनिसन ओल्मस्टेड यांनी लगोलग ठिकठिकाणच्या लोकांकडून निरीक्षणं मागवली. उल्कांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला असं विज्ञानाचा इतिहास सांगतो. तिकडे पश्चिमेला, मिसुरी नदीपलीकडच्या गवताळ मैदानांवर राहणाऱ्या लाकोटा या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनीही तेच आकाश पाहिलं आणि त्याची नोंद ठेवली. ओल्मस्टेड यांची नोंद कागदावर होती, लाकोटांची बायसनच्या कातड्यावर. दोन्ही आज वाचता येतात.

इंग्रजी पुस्तकांतून ‘सू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकसमूहाच्या पश्चिमेकडच्या सात शाखा म्हणजे लाकोटा. ओग्लाला, सिचांगू, हुंकपापा, मिनिकोंजू ही त्यांतली काही नावं. त्यांची वस्ती आज मुख्यतः अमेरिकेच्या साउथ आणि नॉर्थ डकोटा राज्यांतल्या राखीव प्रदेशांत आहे : पाइन रिज, रोझबड, शायेन रिव्हर, स्टँडिंग रॉक. या लोकांचा इतिहास म्हणजे म्हाताऱ्यांनी शेकोटीभोवती सांगितलेल्या गोष्टी, ऐकायला छान पण पुरावा म्हणून निरुपयोगी, असं विद्वानांनी फार काळ धरून चाललं. हे मत चुकीचं होतं. ते का चुकीचं होतं हे दाखवायला आज सहानुभूतीची गरज नाही, प्रयोगशाळेतले आणि उत्खननातले निष्कर्ष पुरेसे आहेत.

आधी ही स्मृती चालते कशी ते पाहू. लाकोटांचं वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंतचं. प्रत्येक वर्षासाठी तिओश्पाये, म्हणजे एकत्र राहणारा मोठा कुटुंबसमूह, एकच घटना निवडायचा. ती मोठीच असायला हवी असं नव्हतं. सगळ्यांच्या लक्षात राहील अशी हवी. मग नोंदकर्ता तिचं छोटंसं चित्र कातड्यावर काढायचा. या नोंदीला ‘वानियेतु वोवापी’ म्हणतात. आपण तिला हिवाळ्यांची मोजणी म्हणू. लोन डॉग या यांक्टोनाई नोंदकर्त्याची मोजणी (यांक्टोनाई हे लाकोटांचेच भाऊबंद) १८०० ते १८७१ या काळातली. तिची चित्रं मधून बाहेर गोल फिरत जातात. सुरुवातीलाच अंगभर लाल ठिपके असलेला माणूस दिसतो : १८०१-०२च्या हिवाळ्यातली देवीची साथ. १८३३ला तारे पडताहेत. १८६९ला काळा सूर्य आणि शेजारी तारे आहेत. त्या वर्षी ७ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, हे खगोलशास्त्र स्वतंत्रपणे सांगतं.

चित्र म्हणजे इतिहास नव्हे, ती फक्त आठवणीची खूण. इतिहास नोंदकर्त्याच्या तोंडी असायचा. चित्रावर बोट ठेवून तो त्या हिवाळ्याची हकिकत सांगायचा : कोण कुठे होतं, कोण जन्मलं, कोण गेलं. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात की आपण बहुतेक गोष्टी विसरत नाही, त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट हरवतो. योग्य खूण मिळाली की गोष्ट परत येते. लाकोटांनी अशा खुणा क्रमाने लावून ठेवल्या होत्या. क्रम पक्का, म्हणून दोन घटनांची अदलाबदल होणं अवघड. शिवाय मोजण्या एक नव्हत्या, अनेक होत्या. अमेरिकन हॉर्स, बॅटिस्ट गुड, क्लाउड शील्ड, द फ्लेम, द स्वॉन, प्रत्येकाची वेगळी आणि आपापल्या समूहाची. बॅटिस्ट गुडची वर्षावार नोंद तर १७००च्या आसपासपासून सुरू होते. या सगळ्या मोजण्यांत तारे पडल्याचा हिवाळा आहे. त्यामुळे संशोधकांना एक पक्का खिळा मिळाला. तिथून मागेपुढे मोजत गेलं की इतर वर्षंही जुळवता येतात. साथींच्या इतिहासकारांना या मोजण्यांचा मोठा उपयोग झाला, कारण देवी आणि गोवर मैदानांवर कधी कधी पसरले याची दुसरी लेखी नोंद बऱ्याच ठिकाणी नाहीच.

मौखिक परंपरेचे अभ्यासक यान वान्सिना यांनी आफ्रिकेतल्या कामातून एक निरीक्षण मांडलं होतं. लेखी नोंद नसलेल्या समाजात जवळच्या दोन-तीन पिढ्यांची आठवण दाट असते, उत्पत्तीच्या कथाही दाट असतात, आणि मधल्या काळात पोकळी पडते. पिढ्या पुढे सरकतात तशी ती पोकळीही पुढे सरकते. माझ्या मते हिवाळ्यांच्या मोजणीचं सगळ्यात मोठं यश हेच, की तिने ही पोकळी भरून काढली. आजोबांच्या आजोबांचा काळ धूसर न होता वर्षावार हाताशी राहिला.

परंपरेत चुका शिरत नाहीत असं मात्र नाही. चूक ओळखायची कशी, हा खरा प्रश्न. याचं उत्तम उदाहरण एला डेलोरिया यांच्या कामात सापडतं. यांक्टन डकोटा (हेही लाकोटांचे भाऊबंद) घराण्यात १८८९ साली जन्मलेल्या डेलोरिया भाषा आणि समाजाच्या अभ्यासक होत्या. मानववंशशास्त्राचे थोर अभ्यासक फ्रांझ बोआस यांच्यासोबत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. पाइन रिजवर डॉक्टर असलेल्या जेम्स वॉकर यांनी लाकोटांच्या देवकथांची एक मोठी, सुसंगत मालिका छापली होती. ती पडताळून पाहा, असं बोआस यांनी डेलोरियांना सांगितलं. त्या वृद्धांकडे गेल्या, कथा सांगितल्या. त्या अशा रूपात कुणीच ऐकलेल्या नव्हत्या. ही मालिका लोकपरंपरा नसून कुणा एकाने रचलेली दिसते, असं त्यांनी कळवलं. बोआस यांना ते सहज पटलं नाही. छापील शब्दाचं वजनच तसं असतं. पण कोणती गोष्ट सगळ्यांची आणि कोणती एकट्याची, हे ओळखणारी यंत्रणा समाजाकडे आधीपासून होती. डेलोरियांनी तीच वापरली.

आता युद्धभूमीवर जाऊ. २५ जून १८७६ रोजी मोंटाना भागातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि त्यांच्या मित्र शायेन जमातीच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या तुकडीचा संपूर्ण पाडाव केला. त्याच्याबरोबरचे दोनशेवर सैनिक मारले गेले. टेकडीवर शेवटच्या गोळीपर्यंत लढणारा कस्टर ही प्रतिमा पुढे चित्रांतून, पोस्टरांतून घरोघरी पोचली. लढाईत प्रत्यक्ष असलेले लाकोटा वेगळंच सांगत होते. मिनिकोंजू योद्धा रेड हॉर्स याने १८८१ साली शायेन रिव्हरवर एका लष्करी डॉक्टरसाठी लढाईची ४२ चित्रं काढली आणि हकिकतही सांगितली : सैनिक गोंधळले, कित्येकांनी बंदुका टाकून हात वर केले. ही साक्ष शंभर वर्षं बाजूला पडून राहिली. जिंकलेल्यांची बढाई म्हणून!

ऑगस्ट १९८३मध्ये वणव्याने तिथलं गवत जळालं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ती जमीन पद्धतशीर तपासली. बंदुकीची फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर जो ठसा उमटवते तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. पोलीस तपासात वापरतात तीच ही पद्धत. त्यामुळे मातीत सापडलेल्या पुंगळ्यांवरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे नकाशावर मांडता आलं. योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरसारख्या भराभर गोळ्या झाडणाऱ्या रायफली होत्या. सैनिकांकडे एका वेळी एकच गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड. फॉक्स यांचा निष्कर्ष असा की तुकडीची शिस्त मोडली, सैनिक घाबरून एकमेकांजवळ गोळा झाले, आणि निकराचा शेवटचा लढा असा काही झालाच नाही. म्हणजे रेड हॉर्स जे सांगत होता तेच.

प्रत्येक वेळी असं तंतोतंत जुळतं असं नाही, आणि ते लपवण्याचं कारणही नाही. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात घोड्यांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात ओग्लाला लाकोटा संशोधक इवेट रनिंग हॉर्स कॉलिन यांचा सहभाग होता. मैदानांवर घोडे १६८०च्या प्वेब्लो उठावानंतर (स्पॅनिश सत्तेविरुद्ध मूळ रहिवाशांनी केलेलं बंड) पसरले असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. हाडांच्या अभ्यासातून दिसलं की सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते मूळ रहिवाशांच्या हाती होते, आणि त्यांची देखभालही चांगली होत होती. युरोपीय लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी. अनेक जमातींच्या परंपरा हेच सांगत होत्या. पण घोडा आमच्याजवळ अनादि काळापासून आहे, या लाकोटा श्रद्धेला जनुकांनी दुजोरा दिला नाही. तपासलेले घोडे मुख्यतः स्पॅनिश वंशाचे निघाले. दोन्ही बाजूंनी हे मांडलं आणि एकत्र काम चालू ठेवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि मग ती केसांची बट. हुंकपापा नेता ततांका इयोताके, जगाला माहीत असलेला सिटिंग बुल, १५ डिसेंबर १८९० रोजी स्टँडिंग रॉकवर त्याला अटक करायला आलेल्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला. फोर्ट येट्सच्या लष्करी डॉक्टरने परवानगीवाचून त्याच्या केसांची बट कापून घेतली. १८९६मध्ये ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोचली आणि शतकभर तिथेच राहिली. १९८९च्या कायद्याने स्मिथसोनियनला मूळ रहिवाशांचे अवशेष परत करणं बंधनकारक झालं, आणि २००७ साली ती बट अर्नी लापॉइंट आणि त्यांच्या बहिणींना मिळाली. लापॉइंट यांचं म्हणणं घरात ऐकलेलं होतं : आईची आई ही सिटिंग बुलची मुलगी, म्हणजे तो आपला पणजोबा. कागदपत्रंही होती. तरी शंका घेणारे होते.

डेन्मार्कचे जनुकशास्त्रज्ञ एस्के विलर्सलेव यांनी त्यांना मदत देऊ केली. अडचण मोठी होती. वंश शोधायला सहसा मायटोकाँड्रियातला डीएनए वापरतात. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे सिटिंग बुलचा त्याच्या मुलीला मिळालाच नव्हता. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला जातं. इथे मधे दोन स्त्रिया. दोन्ही वाटा बंद. उरला उरलेल्या गुणसूत्रांवरचा डीएनए, जो आईबाप दोघांकडून येतो आणि दर पिढीला निम्मा होतो. पणजोबांचा वाटा सरासरी साडेबारा टक्के. पण बटेतला डीएनए अगदी थोडा आणि तुटलेला. इतक्या तुटपुंज्या डीएनएवरून नातं काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत नव्याने घडवावी लागली, आणि लहान समाजात सगळेच थोडेफार नात्यातले असतात म्हणून इतर लाकोटांच्या जनुकांशीही तुलना करावी लागली. या साऱ्याला चौदा वर्षं लागली. ऑक्टोबर २०२१मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : लापॉइंट सिटिंग बुलचे पणतूच.

बातम्यांचा सूर होता, विज्ञानाने कुटुंबाचं म्हणणं सिद्ध केलं. मला हे उलट बाजूनेही पाहावंसं वाटतं. कुणाचा डीएनए कुणाशी ताडायचा, मधे किती पिढ्या, त्या पुरुषांच्या की स्त्रियांच्या, हे सगळं घरातल्या स्मृतीनेच सांगितलं होतं. ती नसती तर काचेच्या कपाटातली बट मुकीच राहिली असती.

जनुकांची नजर तशी आखूडही आहे. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज भरतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डीएनएचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. ते पूर्वज खरे असतात, फक्त प्रयोगशाळेला दिसत नाहीत. लाकोटांच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आहे. त्यांच्यात बापाचे भाऊही बाप आणि आईच्या बहिणीही आईच, आणि ‘हुंका’ विधीने मानलेलं नातं रक्ताच्या नात्याइतकंच बांधणारं. सिटिंग बुलने १८५७च्या सुमारास शत्रू जमातीतल्या एका असिनिबोईन मुलाला जीवदान दिलं आणि भाऊ मानलं. पुढे जंपिंग बुल या नावाने ओळखला गेलेला हा भाऊ १८९०च्या त्या पहाटे त्याच्याबरोबरच मारला गेला. कुठल्याही जनुकीय चाचणीत हे दोघे परकेच ठरतील. ते भाऊ होते हे फक्त सांगणाऱ्याला माहीत असतं.

ही सांगणारी साखळी तोडण्याचा प्रयत्नही झाला. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल निवासी शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या मुलांत रोझबड आणि पाइन रिजची लाकोटा मुलं होती. भाषा बोलायला बंदी, केस कापलेले, नावं बदललेली. नोंदकर्त्याच्या शेजारी बसून हकिकत ऐकायच्या वयातली मुलं दोन हजार किलोमीटर दूर. काही तिथेच मेली. रोझबडच्या तरुणांनी पाठपुरावा केला आणि जुलै २०२१मध्ये नऊ मुलांचे अवशेष घरी आले.

आवाजांचंही असंच झालं. अमेरिकन धनाढ्य डोरिस ड्यूक यांच्या देणगीतून १९६६ ते १९७२ दरम्यान सात विद्यापीठांनी मूळ रहिवासी वृद्धांच्या हजारो मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. साउथ डकोटा विद्यापीठ त्यांतलं एक. टेप जपल्या गेल्या, पण ज्यांच्या आजी-आजोबांचे ते आवाज, त्यांना कित्येकदा त्यांचा पत्ताच नव्हता. आता त्यांच्या डिजिटल प्रती समाजांकडे परत देण्याचं काम चालू आहे. स्टँडिंग रॉकवर वाद आणखी तीव्र झाला. एका बाहेरच्या संस्थेने वृद्धांकडून लाकोटा भाषा मुद्रित केली आणि त्यातून बनलेल्या पुस्तकांचे हक्क स्वतःकडे ठेवले. २०२२ साली जमातीच्या परिषदेने त्या संस्थेला हद्दपार केलं. भाषा बोलणारे इतके थोडे उरलेले असताना ती टिकवायला आलेल्यांनाच हाकलणं काहींना आततायी वाटलं. मला तसं वाटत नाही. आजीचा आवाज नातवाला विकत घ्यावा लागणार असेल, तर त्याला जतन म्हणता येणार नाही.

हक्क कुणाकडे राहावा, याचं डीएनएच्या बाबतीतलं उत्तर लाकोटा भूमीवर आधीच उभं राहिलं आहे. शायेन रिव्हर राखीव प्रदेशातल्या ईगल ब्यूटमध्ये ‘नेटिव्ह बायोडेटा कन्सॉर्शियम’ ही जैवपेढी, म्हणजे संशोधनासाठी जैविक नमुने जपणारी संस्था, आहे. मूळ रहिवासी शास्त्रज्ञांनी स्थापलेली आणि त्यांनीच चालवलेली अमेरिकेतली ही पहिली अशी पेढी. नमुने जमातीच्या भूमीवर आणि जमातीच्या कायद्याखाली राहतात. कोणत्या संशोधनाला ते वापरू द्यायचे, हे तिथेच ठरतं.