केरॅटिन पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सरच असं नाही

फुप्फुसं, हृदय आणि पोटातले अवयव ज्या पोकळ्यांत असतात, त्यांना मेसोथेलियल पेशींचं एकपदरी अस्तर असतं. या पेशींबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: छातीतल्या पाण्याच्या तपासणीत पेशी 'केरॅटिन पॉझिटिव्ह' आल्या की कार्सिनोमा (त्वचेतून किंवा अवयवांच्या अस्तरातून उगवणारा कॅन्सर), 'व्हिमेंटिन पॉझिटिव्ह' आल्या की सार्कोमा (स्नायू, हाड, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर). दोन्ही आलं तर मग विचारूच नका!

सूत्र सुटसुटीत आहे, पण इथे चालत नाही. केरॅटिन आणि व्हिमेंटिन हे पेशीला बळकटी देणारे, साधारण १० नॅनोमीटर जाडीचे प्रथिनतंतू. मेसोथेलियल पेशी भ्रूणातल्या मेसोडर्मपासून, म्हणजे स्नायू-हाडं ज्यातून बनतात त्याच मधल्या थरापासून बनतात, तरी निरोगी असतानाही केरॅटिन ७, ८, १८ आणि १९ तयार करतात. जोडीला व्हिमेंटिनही असू शकतं. प्रयोगशाळेत त्या भराभर वाढत असताना केरॅटिन घटतं, व्हिमेंटिन वाढतं. वाढ मंदावली की पुन्हा उलट. यात कॅन्सरचा काही संबंध नाही.

मेसोथेलिओमा, म्हणजे याच अस्तराचा कॅन्सर, त्यातही हेच तंतू सापडतात. म्हणून बायोप्सीत केरॅटिनचा खरा उपयोग पेशी कुठवर पोचल्यात हे बघायला होतो. केरॅटिनच्या चाचणीत रंगलेल्या पेशी अस्तराखालच्या चरबीत घुसलेल्या दिसल्या, तर प्रकरण गंभीर. डेस्मिन हा तंतू सुजेमुळे चाळवलेल्या निरुपद्रवी पेशींत बऱ्याचदा दिसतो, मेसोथेलिओमात अनेकदा नसतो. पण एकट्या त्याच्यावर निदान करत नाहीत. पेशीच्या केंद्रकातून बॅप-१ (BAP1) हे कॅन्सरला आवर घालणारं प्रथिन नाहीसं होणं हा मेसोथेलिओमाचा जास्त वजनदार पुरावा. मात्र ते शाबूत दिसलं म्हणून मेसोथेलिओमा नाहीच, असंही म्हणता येत नाही.