सरकारी पैशावर चालणाऱ्या होडीचे कागद कसे मागायचे

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याने तोडलेल्या वस्त्या आहेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, कळवणच्या बाजूला धरणाचा फुगवटा पावसाळ्यात चढला की पाडा एका काठाला राहतो आणि शाळा, दवाखाना, रेशन दुकान दुसऱ्या काठाला. मग कोणीतरी होडी देतं. कधी ग्रामपंचायत, कधी जिल्हा परिषद, कधी आदिवासी विकास विभाग. लोकांना वाटतं, दिली हेच खूप झालं. त्या होडीचा हिशेब मागायचा असतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

भीमेवरच्या उजनी जलाशयात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तो तलाव महापालिकेचा होता आणि बोट ठेकेदाराची. ठेका दिला म्हणजे देखरेखीची जबाबदारीही दिली, असं कायद्यात कुठेच नाही. पैसा सार्वजनिक असेल तर त्याचे कागद तुम्हाला बघता येतात. त्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे आणि अर्जाची फी फक्त १० रुपये आहे.

अर्ज कोण करू शकतं

भारताचा कोणताही नागरिक. त्या गावचा रहिवासी असण्याची अट नाही, होडीत बसलेला असण्याचीही नाही. सातपूरला कामाला असलेला मुलगा आपल्या गावच्या होडीबद्दल अर्ज करू शकतो. माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही. विचारलंच तर नम्रपणे सांगा की कलम ६(२) प्रमाणे कारण द्यावं लागत नाही. एक मात्र पाळा: अर्ज मंडळाच्या, बचत गटाच्या किंवा संघटनेच्या नावाने करू नका. अधिकार नागरिकाला आहे, म्हणून अर्ज एका माणसाच्या नावाने आणि त्याच्या सहीने जाऊ द्या. नाहीतर तेवढ्याच कारणावरून तो परत येतो.

आधी शोधा, पैसे कोणाचे

इथे चुकलात तर महिना वाया जातो. गावात विचारलं की "होडी सरकारने दिली" एवढंच उत्तर मिळतं. ग्रामपंचायतीने घेतली असेल तर जन माहिती अधिकारी (म्हणजे अर्ज घेऊन उत्तर देणारा अधिकारी) ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आणि पहिलं अपील पंचायत समितीकडे. जिल्हा परिषदेचा निधी असेल तर त्या त्या विभागाचा जन माहिती अधिकारी. आदिवासी विकासचा असेल तर नाशिक किंवा कळवणचं प्रकल्प कार्यालय. जिल्हा नियोजन समितीचा पैसा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातली नियोजन शाखा. पाणी जलसंपदा विभागाचं असतं, त्यामुळे जलाशयात होडी चालवायला परवानगी दिली होती का, हा वेगळा अर्ज पाटबंधारे विभागाला करावा लागतो.

अर्ज चुकीच्या दारात पडलाच तर कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा "आमच्याकडे संबंधित नाही" असं एका ओळीचं पत्र येतं. म्हणून अर्जाच्या शेवटी लिहूनच टाका: माहिती आपल्याकडे नसल्यास कलम ६(३) नुसार हस्तांतरित करून मला कळवावे.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभेला खास अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, गावांकडे आणखी एक हत्यार आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी, दिंडोरी, बागलाणचा काही भाग यात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार ग्रामपंचायतीने योजनांवर केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. पाच टक्के अबंध (ठरावीक योजनेला न बांधलेल्या) निधीतून होडी घेतली असेल तर ते प्रमाणपत्र आणि ज्या ग्रामसभेत ते मंजूर झालं तिचं इतिवृत्त मागा. गावातल्या बायकांना विचारा, अशी सभा झाली होती का. त्यांना बरोबर आठवतं.

अर्जात काय लिहायचं

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांत दिलेल्या अर्जाच्या नमुन्यात, करायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि तोही साधारण १५० शब्दांत. फी म्हणून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. नाशिकला सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बस स्थानक) जिल्हा न्यायालयाच्या आवारात स्टॅम्प विक्रेत्यांकडे तो मिळतो. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडा. बाकी कागदपत्रं जवळजवळ नाहीतच: नाव, पत्ता, सही. दोन प्रती न्या, एक टपाल शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, उत्तराची मुदत तिच्यावरच्या तारखेपासून मोजली जाते.

आता मजकूर. "होडी का बंद असते? लाइफ जॅकेट का नाहीत? जबाबदार कोण?" असे अर्ज मी फार बघितले आहेत आणि ते सगळे फुकट गेले. हा कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, स्पष्टीकरण देत नाही. 'का' विचारलं की "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही" हे उत्तर ठरलेलं. म्हणून कागदाचं नाव घ्या. उदाहरणार्थ:

"अमुक पाडा ते तमुक गाव या होडी सेवेबाबत, १ एप्रिल २०२४ पासून अर्जाच्या दिनांकापर्यंत, पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: निविदा, करारनामा व कार्यारंभ आदेश, होडीचे सर्वेक्षण प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र व विमा पॉलिसी, दैनंदिन फेऱ्यांचे लॉगबुक, अदा केलेली देयके व त्यांना जोडलेली प्रमाणपत्रे, लाइफ जॅकेट खरेदीची पावती व साठा नोंदवहीतील नोंद, सेवेच्या तपासणीचे सर्व अहवाल. तसेच मूळ अभिलेखाची पाहणी करू द्यावी."

सर्वेक्षण आणि नोंदणी हे शब्द मुद्दाम घातले आहेत. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे इंजिनवर चालणाऱ्या नौकेला ही दोन प्रमाणपत्रं आणि विमा लागतो. वल्ह्याची होडी असेल तर प्रश्न वेगळा: तिची नोंद स्थानिक संस्थेकडे आहे का. प्रमाणपत्र नसेल तर "अभिलेखात उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर येईल. तक्रारीसाठी ते उत्तर सोन्यासारखं असतं.

पाहणीचं वाक्य गाळू नका. पहिला तास मोफत असतो आणि प्रतीत जे दिसत नाही ते मूळ वहीत दिसतं. एका गावच्या लोकांबरोबर मी अशा पाहणीला बसलो होतो. लॉगबुकात रोज दोन फेऱ्या, तीन महिने, एकही खाडा नाही. पानं उलटताना लक्षात आलं की सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एका हाताने, एका दमात लिहिल्या आहेत. पानाला पाण्याचा डाग नाही, घडी नाही. होडीत राहिलेली वही इतकी कोरडी कशी राहील? सोबतच्या ताईंनी एका तारखेवर बोट ठेवलं. त्या दिवशी त्यांची सून बाळंतपणासाठी अडली होती, होडी काठावर पालथी पडली होती म्हणून तिला झोळीत घालून डोंगराच्या बाजूने नेलं होतं. वहीत त्या दिवशीही दोन फेऱ्या, आणि देयकात त्या फेऱ्यांचं डिझेल. लाइफ जॅकेटही सापडले. ग्रामपंचायतीच्या खोलीत, कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये तसेच, दोन-तीन जॅकेटांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले. हे वाचून कोणाला वाटेल, दहा रुपयांत एवढं कळतं? कळतं. फक्त तारखा आठवणारं माणूस सोबत न्या.

ठेकेदार खासगी आहे, असं सांगितलं तर

हे उत्तर हमखास येतं. त्याला उत्तर कलम २(च) मध्ये आहे: खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्याने मिळवता येते, तीही 'माहिती' या व्याख्येत येते. शिवाय देयक कार्यालयाने मंजूर केलं आहे, म्हणजे कागद कार्यालयाचाच. व्यापारी गुपिताची ढाल कलम ८(१)(घ) मध्ये आहे खरी, पण व्यापक जनहित असेल तर ती टिकत नाही, आणि माणसांच्या जिवाशी संबंधित होडीत जनहित वेगळं सिद्ध करावं लागू नये. ठेकेदाराला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस काढली तर निर्णयाची मुदत ४० दिवसांपर्यंत जाते, तेव्हा तिसाव्या दिवशी घाबरून जाऊ नका.

मुदती आणि अपील

एरवी माहिती ३० दिवसांत. प्रतींचा खर्च पानाला २ रुपये, तो भरायला सांगणारं पत्र कार्यालयाने पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटली तर माहिती मोफत द्यावी लागते.

काहीच आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्या कार्यालयासाठी नेमलेल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब', २० रुपयांच्या स्टॅम्पसह. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, जोडपत्र 'क', राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. मुंबईला जावं लागत नाही, हे खेड्यातल्या पुष्कळ लोकांना माहीत नसतं. आयोगाला जन माहिती अधिकाऱ्यावर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करता येतो. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी चुकवू नका, तिथेच बरेच कागद निघतात.

आणि होडी आज गळत असेल, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली जात असतील, तर अर्जाच्या उत्तराची वाट बघू नका. तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. फोन केल्याची वेळ, उचलणाऱ्याचं नाव आणि काय उत्तर मिळालं, ते वहीत लिहून ठेवा. त्या फोनवर काय कारवाई झाली, हा पुढच्या अर्जाचा विषय.