सरीसृप अधिवास व्यवस्थापन (नाशिक जिल्हा)

साप, सरडे, पाली, घोरपडी व कासवे यांना ऊन, आडोसा, भक्ष्य आणि अंडी घालण्याजोगी जमीन मिळावी, म्हणून माळरान, कातळ, गवत व नदीकाठ राखण्याची पद्धत. या प्राण्यांना शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते. त्यामुळे उघडी तापणारी जागा आणि लगतच दडण असणे महत्त्वाचे.

इगतपुरी-त्र्यंबकचा घाटमाथा अतिवृष्टीचा, तर पूर्वेकडचे येवला-नांदगाव पर्जन्यछायेतील, म्हणजे कमी पावसाचे. सरसकट एक उपाय दोन्हीकडे लागू पडत नाही. दगडांचा ढीग रचताना पूर्व भागात पायाला वीतभर खोल खड्डा चालतो. घाटमाथ्यावर त्यात पाणी साचते, म्हणून तेथे ढीग उताराच्या जमिनीवरच रचावा. चपटे दगड, त्यांमध्ये १ ते ३ सेंमी. फटी, मोठ्या सापांसाठी तळाशी काही रुंद पोकळ्या आणि सकाळचे ऊन लागेल असे आग्नेयेकडे तोंड ठेवावे. फटी मातीने लिंपल्यास ढीग निरुपयोगी होतो. दगड मात्र कातळावरचे उचलू नयेत. ते आधीच कोणाचे तरी घर असतात. फुरसे व घोणस या विषारी सापांचा विचार करता ढीग वस्ती, गोठा व पायवाटेपासून दूर हवा.

माळरानावरील सरड्यांच्या जुन्या नोंदी जपून वाचाव्या लागतात. गळ्याला पंख्यासारखी झालर असणारे सरडे पूर्वी बहुधा ‘सिताना पाँटिसेरियाना’ या एकाच नावाखाली नोंदले जात. २०१६ साली ‘सरडा’ (Sarada) याच शास्त्रीय नावाची स्वतंत्र प्रजाती (genus) मांडली गेली व तीत तीन जाती (species) धरल्या गेल्या. ही विभागणी अधिक ग्राह्य दिसते. मात्र छायाचित्र वा नमुना नसलेल्या जुन्या नोंदी नव्या नावावर चढवणे धोक्याचे. जाती कोणतीही असो, या सरड्यांना विरळ गवताची उघडी जमीन लागते. माळावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची दाट लागवड केली किंवा पाणी अडवणारे समतल चर खणले, की तीच नाहीशी होते.

गवत बी झडल्यावर, १५ सेंमी. खुंट ठेवून, मधून कडेकडे कापावे म्हणजे प्राण्यांना निसटता येते. एक तृतीयांश भाग आळीपाळीने न कापता राखावा. वणवा रोखणाऱ्या जाळरेषा उन्हाळ्यापूर्वी काढाव्यात. वारुळे फोडू नयेत: घोरपड त्यांत अंडी घालते, नाग आसरा घेतो. बिनकठड्याच्या विहिरीत काठापर्यंत पोहोचणारी खडबडीत फळी तिरपी सोडावी, म्हणजे आत पडलेल्या प्राण्यांना वर येता येते.

गोदावरीकाठी मऊ पाठीच्या कासवांच्या विणीसाठी वाळू-मातीचे उघडे काठ राखावेत व तेथील वाळूउपसा टाळावा. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर २०१९ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.