ग्रंथाचं वय ओळखणारा पॉर्फिरी

तिसऱ्या शतकात रोममध्ये प्लोटायनस तत्त्वज्ञान शिकवायचा. प्लेटोच्या विचारांवर उभारलेल्या नवप्लेटोवादाचा प्रवर्तक तो हाच. त्याच्या श्रोत्यांत काही नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मिळते असं मानणाऱ्या पंथाचे ख्रिस्तीही होते. त्यांच्याकडे झरथुष्ट्र, झोस्ट्रियानोस, अलोगेनीस अशा नावांवरचे ‘साक्षात्कारी’ ग्रंथ होते आणि प्लेटोला सत्याचा ठाव लागलाच नाही, असं ते बिनदिक्कत सांगत.

हे जग एका अडाणी निर्मात्याने केलेलं, म्हणून वाईटच, ही त्यांची शिकवण. प्लोटायनसला स्वतःच्या देहाचीसुद्धा लाज वाटे, असं त्याचा शिष्य पॉर्फिरी लिहितो. तरी जगाला नावं ठेवणं त्याला मुळीच मान्य नव्हतं. एकाच घरात दोघे राहतात. एक घराला आणि बांधणाऱ्याला शिव्या घालतो, पण मुक्काम काही हलवत नाही, असा टोला त्याने हाणला. यांचं जे काही खरं आहे ते प्लेटोकडून उचललेलं, हेही सुनावलं.

मग शिष्य कामाला लागले. अमेलियसने झोस्ट्रियानोसच्या खंडनासाठी 40 भाग लिहिले. पॉर्फिरीने वेगळी वाट धरली: झरथुष्ट्राच्या नावावरचा ग्रंथ अलीकडचा आहे, पंथाने तो जुना भासवला आहे, हे त्याने दाखवून दिलं. 1945 मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीजवळ ‘झोस्ट्रियानोस’ आणि ‘अलोगेनीस’ कॉप्टिक भाषेत सापडले. दोन्हींत प्लेटोवादी परिभाषा ठासून भरलेली आहे. म्हणजे प्लोटायनसच्या आरोपात तथ्य होतं.

पॉर्फिरीने पुढे हीच नजर बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथाकडे वळवली. हा ग्रंथ इ.स.पू. सहाव्या शतकातल्या बाबिलोनमधली भविष्यवाणी मानला जाई. पॉर्फिरीचा तर्क सरळ होता. अँटिओकस चौथा या राजापर्यंतच्या घटना हुबेहूब जुळतात, त्यापुढचं काही जुळत नाही. तेव्हा लेखक त्याच राजाच्या काळातला, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. हेतू अर्थातच ख्रिस्ती धर्मावर हल्ला करण्याचा होता, पण पद्धत इतिहासकाराची.

इ.स. 448 मध्ये सम्राटांच्या हुकमाने पॉर्फिरीचा हा ख्रिस्तीविरोधी ग्रंथ जाळण्यात आला. दानीएलबद्दलचा त्याचा युक्तिवाद टिकला तो जेरोम या ख्रिस्ती विद्वानामुळे. खोडून काढायचा म्हणून त्याने तो सविस्तर नोंदवला. आज बायबलचे बहुतेक अभ्यासक त्या ग्रंथाचा काळ पॉर्फिरीने सांगितला तोच मानतात.