दिसत नाही म्हणून पोरं आपोआप खंबीर होतात? नाही हो

आमच्या नागपूरच्या महाल भागात कुठलंही दृष्टिहीन पोट्टं दिसलं की लोकं म्हणतात, देव एक घेते तर दुसरं देते बाप्पा, संकटानं पोरगं लोखंडाचं झालं. ऐकायला भारी वाटते, पण चूक आहे.

संकटानंतर माणूस वाढतो हे खोटं नाही, टेडेस्की आणि कॅलहून या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ही वाढ मोजायला २१ प्रश्नांची मोजपट्टीच काढली, पण त्यांचं म्हणणं असं की वाढ संकटातून नाही येत, नंतर त्याच्याशी जी झटापट होते त्यातून येते, आणि ती झाली म्हणून दुःख संपलं असंही नसते. लुई ब्रेलचंच घ्या नं, १५ व्या वर्षी, १८२४ मध्ये बोटांनी वाचायची लिपी बनवली, पण हाताशी शाळा होती आणि बार्बिए नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची १२ उठावदार टिंबांची पद्धत होती, ती त्यानं ६ वर आणली.

शेजारचा सोळा वर्षांचा पोरगा सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर पांढरी काठी घेऊन एकटा चालतो. पिवळ्या फरशीवर लांब पट्टे लागले की सरळ, गोल टिंबं लागली की थांब. लोकं म्हणतात कान तेज आहेत. अरे, कित्येक महिने शिकला तो, दोनदा खांबाला धडकला, घरी येऊन रडला, बोर्डाचा पेपर आला तेव्हा लेखनिक शोधताना घरच्यांची दमछाक झाली. आणि "तू तर किती स्ट्राँग रे" ऐकलं की त्याचं डोकं फिरते, कारण मग रडायची सोयच राहत नाही.