कायटोसान हायड्रोजेल

कायटोसान या बहुशर्करेपासून तयार केलेले, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारे जाळीदार जेल. जखम, झिजलेली कूर्चा किंवा हाडातील पोकळी यांत नवी ऊती तयार होईपर्यंत पेशींना तात्पुरता आधार देणे, हे त्याचे काम.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचांत आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन ही बहुशर्करा असते. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये ते अळंब्यांतून वेगळे केले. शार्ल रूझे यांनी १८५९ मध्ये ते तीव्र अल्कलीत उकळले आणि सौम्य आम्लात विरघळणारा पदार्थ मिळवला, तोच कायटोसान. या प्रक्रियेत शर्करेच्या लांब साखळीवरचे बरेचसे ॲसिटिल गट निघून अमाइन गट मोकळे होतात. सामू (pH) सुमारे ६.५ च्या खाली गेला की त्यांच्यावर धन प्रभार येतो. तांबड्या रक्तपेशी आणि जीवाणू यांचे पृष्ठभाग ऋण प्रभारित असल्याने ते कायटोसानला चिकटतात. रक्तस्राव थांबवणाऱ्या कायटोसानच्या पट्ट्या याच गुणावर चालतात.

द्रावणाचे जेल करायचे तर साखळ्या एकमेकींत गुंतवाव्या लागतात. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने हे सहज होते, पण त्याचा उरलेला अंश पेशींना घातक ठरतो. म्हणून गार्डेनियाच्या फळांपासून मिळणारे जेनिपिन अनेकांना अधिक बरे वाटते. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे लवण मिसळण्याची युक्ती सर्वांत देखणी आहे. हे मिश्रण खोलीच्या तापमानाला पातळ राहते आणि ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीरात गेल्यावर, घट्ट होते. त्यामुळे सुईवाटे सोडलेले जेल वेड्यावाकड्या पोकळीतही नेमके बसते. गुडघ्याच्या कूर्चेसाठी असे द्रावण रुग्णाच्याच रक्तात मिसळून, हाडाला बारीक छिद्रे पाडलेल्या जागी भरतात. त्यामुळे रक्ताची गुठळी तिथेच टिकून राहते. केवळ छिद्रे पाडण्याशी तुलना केलेल्या चाचणीत एमआरआयवर पोकळी अधिक चांगली भरलेली दिसली. वेदना आणि हालचाल यांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि रुग्णाच्या दृष्टीने हीच बाब जास्त महत्त्वाची.

खरी कसोटी विघटनाच्या वेगाची आहे. शरीरातील लायसोझाइम हे विकर ही साखळी तोडते, पण त्यासाठी त्याला ॲसिटिल गट शिल्लक असावे लागतात. ते जितके जास्त काढावेत तितक्या पेशी साधारणपणे चांगल्या चिकटतात, पण जेल विरायला वेळ लागतो. जेल लवकर विरले तर कोवळ्या ऊतीचा आधार जातो. फार रेंगाळले तर तेच तिच्या वाढीच्या आड येते. त्वचेला आठवडे पुरतात, हाडाला महिने लागतात, त्यामुळे सर्व ऊतींना चालेल असे एकच जेल शोधण्यात अर्थ नाही.

ओले कायटोसान जेल नाजूक असते. त्याला बळकटी देण्यासाठी कोलॅजन किंवा जिलेटिन, तर हाडासाठी हायड्रॉक्सीॲपेटाइट हे हाडातलेच खनिज मिसळतात. कवचांचा कच्चा माल सारखा नसल्याने प्रत्येक खेपेच्या कायटोसानचे गुण थोडे बदलतात. शिवाय नीट न काढलेली कवचातील प्रथिने ॲलर्जीला कारण होऊ शकतात. त्यामुळे वैद्यकीय वापरासाठी बुरशीपासूनही कायटोसान काढले जाते.